पाच काटे, सहा बटणं आणि एक लाल दोरी

कृष्णाकाठ फिरून आले म्हटलं की आमच्या वडूजमध्ये बायका विचारतात, वाडीला जाऊन आलात का, औदुंबरला दर्शन झालं का. मी दोन्हीकडं गेले नाही. चार दिवस मी पुराच्या गावांतल्या मोटारबोटींच्या डॅशबोर्डवर मराठी चिठ्ठ्या डकवत हिंडले आणि परत आल्यावर दोन दिवस नुसते झोपून काढले. डावा गुडघा अजून ठणकतोय. तरी लिहायला बसले आहे, कारण शेवटच्या गावात जे झालं ते सांगितल्याशिवाय ही फेरी माझ्या डोक्यातून जायची नाही.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेते. बोटींशी माझा संबंध एवढाच की नऊ वर्षांपूर्वी कोकणात पंधरा दिवसांचा एक कोर्स केला होता, बोटींच्या इंजिनांचा. तेव्हा दुसरं कोणी जायला तयार नव्हतं म्हणून मला पाठवलं. त्याचं प्रमाणपत्र माझ्या फाईलला लागलं, आणि फाईलला एकदा कागद लागला की तो माणसाला सोडत नाही. यंदा मे महिन्याच्या शेवटी, परीक्षांचं काम नुकतंच उरकलेलं, जरा पाठ टेकावी म्हणत होते, तोच निरोप आला. नदीकाठच्या गावांना पुरासाठी मागंच बोटी दिल्या आहेत, डॅशबोर्डवर सगळं इंग्रजीत आहे, लोकांना कळत नाही. मराठी चिठ्ठ्या लावायच्या आणि गावाला समजावून द्यायचं.

आमचे हे म्हणाले, आपल्याकडं प्यायच्या पाण्याला टँकर, आणि तू निघालीस बोट शिकवायला. यात हसण्यासारखं होतं, पण ते सकाळपासून बोअरची मोटर वर काढत होते आणि मी पेपरांच्या गठ्ठ्यातून उठले होते. आम्ही दोघंही हसलो नाही.

बामणोली

नऊ वर्षांत मी बोटीला हात लावला नव्हता. लोकांना शिकवायच्या आधी आपण एकदा बसून बघावं म्हणून पहिला दिवस मी मागून घेतला आणि कोयनेच्या धरणाच्या फुगवट्याला, बामणोलीला गेले. मेमध्ये पाणी इतकं खाली गेलेलं असतं की धक्क्यावर उतरून मग तांबड्या भेगाळलेल्या चिखलातून पाव कोस चालावं लागतं. आमच्याकडची तळी आटतात तेव्हा तळ पांढरा दिसतो. इथं तो तांबडा, आणि पलीकडं तरीही नजर पोचणार नाही एवढं पाणी. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे बघून आनंद होत नाही, थोडा रागच येतो.

वसंतमामा नावाचे एक साठीचे बोटवाले माझ्यासाठी थांबले होते. त्यांची लहान बोट गावांना दिलेल्या बोटींसारखीच होती, मागं टांगलेलं पेट्रोलचं इंजिन आणि चाकापुढं डॅशबोर्ड. मी वही काढली. पाच काटे होते. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, इंजिन किती तापलंय, बॅटरी किती भरलीय, पेट्रोल किती उरलंय, आणि पाचवा, मागचं इंजिन पाण्यात किती कललेलं आहे. खाली सहा बटणं. पुढचे दिवे, मागचा दिवा, लांबवर उजेड टाकायचा झोत, भोंगा, बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसायचा पंप, आणि सहावं रिकामं. त्याला मागं वायरच नसते, पुढं काही बसवायचं झालं तर असावं म्हणून ठेवलेलं. चावीच्या शेजारी एक लाल गोल कळ, तिच्या मानेत प्लॅस्टिकचा चिमटा आणि चिमट्याला लाल दोरी. दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायचं. तो पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते, चिमटा निसटतो आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं, म्हणजे बोट माणसाला टाकून पुढं जात नाही.

चिठ्ठ्यांवर काय लिहायचं याची यादी मला वरून मिळाली होती. त्यात फेऱ्यांच्या काट्याला ‘यंत्र परिभ्रमण दर्शक’ आणि पंपाला ‘तलस्थ जल निष्कासक’ असं लिहिलेलं. मी ती वसंतमामांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं की हे वाचून होईपर्यंत बोट बुडणार नाही का. मग ते स्वतः कशाला काय म्हणतात ते मी लिहून घेतलं. फेरे. ताप. करंट. पेट्रोल. कल. पंपाला ‘उपसा’. मी यादीवर काट मारली आणि मामांचेच शब्द घेतले.

इंजिन चालू केल्यावर आधी कोणता काटा बघायचा, असं मी विचारलं तर ते म्हणाले, एकही नाही. आधी मागं वळून इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार पडते का ते बघायचं. ती पडत असेल तर इंजिन गार राहणार. त्या धारेला बोटवाले काय म्हणतात हे सांगताना ते अडखळले आणि नुसतं ‘मागची धार’ म्हणाले. मला खरा शब्द कोकणातच कळला होता, पण मीही गप्प बसले.

दुपारी त्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि धरणातल्या माशाचं कालवण जेवले. बाजरीवर वाढलेल्या माझ्या तोंडाला नाचणी जरा कोरडी लागली, पण कालवण फार चांगलं होतं. परतीला चिखलाची ती चढण चढताना मात्र गुडघ्यानं पहिली सूचना दिली.

कऱ्हाड

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला एका दुकानातून चिठ्ठ्या घ्यायच्या होत्या. फोनवर मी सगळं सांगितलं होतं, तरी त्या वीतभर लांब छापलेल्या निघाल्या. बटण असतं दोन बोटांएवढं. दुकानदार म्हणाला, मॅडम, लांबनं वाचता यावं म्हणून मोठ्या केल्या. त्याचा हेतू चांगला होता, त्यामुळं भांडताही येईना. अक्षरं सुदैवानं मधोमध होती. मी एक कात्री विकत घेतली आणि प्रीतिसंगमाच्या घाटावर सावलीत बसून सगळ्या चिठ्ठ्या कापल्या. समोर कोयना येऊन कृष्णेला मिळत होती आणि लोक भेळ खात होते. शेजारी बसलेल्या एका आजीनं विचारलं, बाई, ह्यो कसला नवस? मी म्हटलं, बोटीचा. तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही.

त्या दुपारी आणि तिसऱ्या दिवशी मिळून तीन गावं केली. सगळीकडं तेच. शेडचं कुलूप उघडायला माणूस शोधायचा, डॅशबोर्डवरची धूळ पुसायची, चिठ्ठ्या डकवायच्या, आणि जमलेल्या वीसपंचवीस माणसांना तेच तेच सांगायचं. वडूजच्या बाईनं आपल्याला बोट शिकवायची याचं प्रत्येक गावात थोडं हसू झालं. मग सहाव्या बटणावर प्रत्येक गाव अडलं. मी सांगायचे, ते रिकामं आहे, दाबलं तरी काही होत नाही. कोणाचाही विश्वास बसायचा नाही. काहीच होत नसेल तर ठेवतील कशाला? एका गावात एक म्हातारबाबा सगळं नीट ऐकून घेऊन म्हणाले, “पूर आल्याव काट्याकडं बघायचं का पाण्याकडं?” मी म्हटलं, पाण्याकडंच बघायचं, काट्याकडं अधूनमधून. ते म्हणाले, मग ठीक हाय, आणि उठून गेले. चार दिवसांतली सगळ्यात लहान शिकवणी तीच, आणि बहुतेक सगळ्यात चांगली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसला होता. शेवटचं गाव उरकावं आणि सांगलीहून मिळेल ती गाडी धरून घर गाठावं, एवढंच मनात होतं.

शेवटचं गाव

या गावाचं नाव मी लिहीत नाही. पलूसच्या बाजूला, नदीच्या वळणावर आहे, एवढं पुरे.

तिथली बोट हणमंतराव नावाच्या गृहस्थांकडं होती. साखर कारखान्यावर फिटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. गावात इंजिनातलं कळणारा माणूस तोच, म्हणून पंचायतीनं किल्ली त्यांना दिलेली. ते मला फाट्यावर घ्यायला आले आणि मुक्कामाला घरी घेऊन गेले. घराच्या भिंतीला नवा रंग होता, पण माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर एक मळकट पट्टा त्यातूनही दिसत होता. तिथवर पाणी आलेलं. आमच्या घराच्या भिंतीवर फक्त पाली असतात.

त्यांच्या पत्नी अक्काताई. दिवेलागणीला त्यांनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा वाढला. हणमंतराव जेवून म्हशींकडं गेले तेव्हा अक्काताई माझ्यापुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, उद्या बोट सुरू झाली नाही तर त्यांना लोकांदेखत काही बोलू नका. मग त्यांनी सगळं सांगितलं.

काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरात नदीपलीकडच्या मळ्यात संपतराव नावाचे शेजारी आणि त्यांची आई घराच्या स्लॅबवर अडकली होती. म्हातारीला दमा होता. हणमंतराव आणि गल्लीतला एक माणूस बोट घेऊन निघाले. निम्म्या वाटेत, बाभळीच्या रांगेमागं असताना इंजिन बंद पडलं. चावी फिरवली की इंजिन नुसतं गरगरायचं, पेटायचं नाही. धारेनं बोट खाली ओढून नेली आणि एका झाडात अडकवली. तिथं फांदीला धरून दोघं बसून राहिले. संध्याकाळी दुसऱ्या गावची बोट आली, तिनं यांना काढलं आणि मग मळ्याकडं गेली. तोपर्यंत म्हातारी गेली होती.

तेव्हापासून संपतराव यांच्याशी बोलत नाहीत. यांच्या दारावरून रस्ता आहे, तरी ते बांधावरून वळसा घालून जातात. बरोबरचा माणूस मुलाकडं पुण्याला राहायला गेला. पेट्रोलात पाणी गेलं होतं, असं हणमंतराव सगळ्यांना सांगत आले. “पाणी गेलं त्याला ह्यांनी तरी काय करावं?” अक्काताई म्हणाल्या. “पर माणूस कारखान्यावनं आल्यावर जसा हसायचा तसा पुन्ना हसला न्हाई.”

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही शेड उघडलं. पुरानंतर बोट तशीच ठेवलेली. हणमंतरावांनी दोनदा सुरू करून बघितली होती, पेटली नाही, मग नाद सोडला. मी जुनं पेट्रोल काढून टाकलं, नवं भरलं, प्लग काढून घासले. ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. ट्रॅक्टरनंच बोट ओढून पाण्यात लोटली. हे सगळं होईतो दहा वाजले आणि ऊन चढलं. चावी फिरवली. करंटचा काटा वर आला, दिवे लागले, इंजिन गरगर फिरलं आणि पेटलं नाही. पुन्हा तेच. हणमंतराव काठावर उभे होते. त्यांनी मान खाली घातली. जणू ते त्यांना माहीतच होतं.

मी घाम पुसत डॅशबोर्डकडं बघत बसले. नव्या माणसाला पहिल्या क्षणात दिसलं असतं ते मला दमल्यामुळं पाच मिनिटांनी दिसलं. चावीशेजारची लाल कळ उघडी होती. तिच्या मानेत चिमटा नव्हता.

मी विचारलं, इथं एक लाल दोरी होती ती कुठंय? ते म्हणाले, ती होय, ती शेडच्या कडीला बांधलीय. पुरानंतर बोटीच्या तळात सापडली होती. चावी अडकवायची असेल असं वाटलं.

मी चढ चढून गेले आणि दोरी सोडून आणली. चिमटा बसवला, चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. मागची धार पडायला लागली. सगळे काटे जिथं असायला हवेत तिथं येऊन उभे राहिले.

हणमंतराव गुडघाभर पाण्यात आले. “काय केलंसा?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, “पेट्रोल जुनं होतं.”

खोटं नव्हतं ते. पेट्रोल जुनं होतंच. पण इंजिन बंद पडण्याचं कारण ते नव्हतं, तेव्हाही आणि आताही. मी दमले होते, मला सांगलीची गाडी दिसत होती. मी दुपारी जाणार, हा माणूस इथंच राहणार, मग त्याच्याकडं आहे तेवढं त्याच्याकडं राहू द्यावं, असं मी स्वतःला सांगितलं. ते म्हणाले, “म्या म्हणतच हुतो. पेट्रोलच.” आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

दुपारी अक्काताईंनी माझ्यासाठी मुद्दाम पुरण घातलं होतं. बोट सुरू झाली म्हणून. चार वाजता गावाला बोलावलेलं होतं आणि माझ्या पिशवीत त्या बोटीची एकच चिठ्ठी लावायची राहिली होती: ‘लाल दोरी. ओढली की इंजिन बंद. चिमटा परत बसवला की चालू.’ ती लावली नाही तर उद्याच्या पुरात पुन्हा हेच होणार. लावली तर चार वाजता चाळीस माणसांत उभं राहून हणमंतराव ती वाचणार. घरी बसून हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की पिशवी उचलावी आणि फाट्यापर्यंत चालत सुटावं.

जेवण झाल्यावर मी त्यांना म्हटलं, बोटीवर एक चिठ्ठी राहिलीय, चला. नदीवर कोणी नव्हतं. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. चष्मा नव्हता, त्यांनी ती लांब धरून हळूहळू वाचली. मग पुन्हा वाचली.

“सकाळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं,” मी म्हणाले. “पेट्रोल जुनं होतं. पण इंजिन या दोरीमुळं सुरू झालं.”

ते बोटीच्या काठावर बसले. मग त्यांनी विचारलं की चिमटा बसवायला किती वेळ लागतो. मी इंजिन चालू केलं, दोरी ओढली, इंजिन बंद झालं. चिमटा बसवला, चावी फिरवली, इंजिन चालू झालं. एवढाच वेळ.

“तवा बरुबरचा त्यो मागनं जाकीट घालत हुता,” ते म्हणाले. “त्याचा हात माझ्या अंगावनं गेला. तवाच चिमटा निघाला आसंल.” थोड्या वेळानं म्हणाले, “जन्मभर फिटरकी केली म्या. आन दोरी कडीला बांधली.”

मी सांगितलं की बोटीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं, कोणी दाखवलं नव्हतं, कारखान्यातल्या कुठल्याही मशीनला अशी दोरी नसते. सगळं खरं होतं आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं असं मला वाटलं नाही. चार वाजता दोरीबद्दल मी साधं शिकवीन, जुनं काही काढणार नाही, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली. चिठ्ठीचा मागचा कागद सोलून त्यांनी ती स्वतःच्या हातानं लाल कळीखाली लावली आणि अंगठ्यानं दाबून बसवली.

चारला माणसं जमली. घरटी एकाला बोलावलं होतं, म्हणून संपतरावही आले होते, पण खाली न येता वर करंजाच्या झाडाखाली उभे होते. पंचेचाळिशीचे, आखूड बांध्याचे. अक्काताईंनी मला डोळ्यानं दाखवले. मी पाच काटे सांगितले, बटणं सांगितली. सहाव्या बटणावर इथंही गाडी अडली. मग मी दोरीकडं वळणार तोच हणमंतराव पाण्यात उतरले आणि बोटीवर चढले. ते मला म्हणाले, आता तुम्ही बसा.

त्यांनी इंजिन सुरू केलं, जरा फेरे वाढवले, आणि दोरी ओढली. आवाज एकदम थांबला.

“पुरात आसं झालं हुतं,” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “पेट्रोलात पाणी गेलं असं म्या सांगत आलो. पाणी गेलं न्हवतं. ही दोरी निघाली हुती, आन मला तिचं काम ठावं न्हवतं. चिमटा खालीच पडला हुता. म्या चावी फिरवत बसलो.”

अक्काताईंनी पदर तोंडाला लावला. एक माणूस उगाच खोकला. मी झाडाकडं बघितलं. संपतराव उतारावरून खाली येत होते, माणसं आपोआप बाजूला होत होती. ते पाण्याच्या कडेला येऊन थांबले.

“परत बंद करा,” ते म्हणाले.

हणमंतरावांनी चिमटा बसवला, इंजिन सुरू केलं, दोरी ओढली. आवाज थांबला. संपतराव म्हणाले, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा बंद झाल्यावर ते तसेच पाण्याकडं बघत उभे राहिले.

“आईला आवाज आला हुता,” ते म्हणाले. “आली बोट म्हणली. मग आवाज असाच कापल्यागत बंद झाला. पेट्रोलात पाणी गेल्याव इंजन आचके देत मरतंय, माझी गाडी दोनदा तशी मेलीया. ह्यो आवाज तसा न्हवता. मला वाटलं, धार बघून तुमी भ्यालासा. हातानं बंद केलंसा आन पाण्यासंगं माघारी गेलासा.”

हणमंतराव म्हणाले, “न्हाई.”

“व्हय,” संपतराव म्हणाले. “आता कळलं.”

इतकी वर्षं गावाला वाटत होतं की आई गेल्याचा राग आहे. राग निराळाच होता, आणि तो पेट्रोलाच्या गोष्टीनं रोज वाढत गेला असणार. कारण त्या गोष्टीवर विश्वास ठेवता येत नाही हे सांगणारा कान त्या एकाच माणसाकडं होता. सकाळच्या माझ्या अर्ध्या उत्तरावर मी गाव सोडलं असतं तर त्यात आणखी एक साक्षीदार जमा झाली असती.

संपतरावांनी चपला काठावर काढल्या आणि ते बोटीवर चढले. मला शिकवा, असं ते कोणाला म्हणाले कळलं नाही, पण हणमंतराव चाकापासून बाजूला सरकले. त्यांनी दोरीचं कडं संपतरावांच्या मनगटात घातलं. कल कुठला, फेरे किती ठेवायचे, ताप कुठवर गेला तर थांबायचं, एकेका काट्यावर बोट ठेवून ते सांगत होते आणि संपतराव मान हलवत होते. मग बोट निघाली. वरच्या अंगाला, मळ्याच्या दिशेनं.

वळणावर ती बाभळींमागं गेली आणि दिसेनाशी झाली. काठावरची चाळीस माणसं उभीच होती. सगळे कान देऊन होते. आवाज लहान होत गेला, अगदी भुंग्याएवढा झाला, पण थांबला नाही. मग तो हळूहळू मोठा व्हायला लागला.

ती परत आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि माझी सांगलीची एसटी चुकली होती. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. मी घाटाच्या पायरीवर पिशवीवर बसले होते. संपतराव म्हणाले, म्याडम, सांगलीपतोर मी सोडतो गाडीवर. मी म्हटलं, आधी यांच्याकडचं माझं सामान घ्यायला हवं.

तेव्हा ते हणमंतरावांच्या दारातल्या रस्त्यानंच आले. ओसरीच्या कडेला, एक पाय खाली सोडून बसले. अक्काताईंनी दुपारच्या पोळ्या आहेत, दोन घास खाऊन घ्या म्हटलं. त्यांनी नको म्हणून हात हलवला. हणमंतराव खांबाला टेकून उभे राहिले. दोघं नदीकडं तोंड करून होते आणि यंदा धरणातून पाणी कधी सोडतील यावर, लांब लांब थांबत, चारदोन वाक्यं बोलले. दोरीवर नाही, आईवर नाही.

मी आत कपड्यांची पिशवी भरत होते. अक्काताई स्वयंपाकघरातून कप घेऊन बाहेर गेल्या, रिकाम्या हातानं परत आल्या आणि माझ्याजवळ येऊन, जणू घरात कोणी झोपलंय अशा हळू आवाजात म्हणाल्या, “च्या घेतला.”